लाइव्हवाल्या ताई

“हॅलो, हॅलो... आवाज येतोय का? ताईंनो, आवाज येत असेल तर कमेंटमध्ये ‘हो’ टाका.”

हा ‘हो’ बघणाऱ्या बाईच्या फोनमधून निघून ताईंच्या स्क्रीनवर उमटेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात ताई पहिल्या साडीवर पोचलेल्या असतात. “ही बघा सेमी पैठणी, मुनिया बॉर्डर, फक्त अठराशे पन्नास, सिंगल पीस आहे, कोणाला हवीय?” आणि नेमके त्याच वेळी खाली धडाधड ‘हो’ पडू लागतात. बायका आवाजाबद्दल बोलत असतात. धंद्याच्या पहिल्या आठवड्यात ताईंनी हे सगळे होकार साडीचे समजून वहीत उतरवले आणि एका साडीला चौदा गिऱ्हाइकं लावून ठेवली. त्या चौदापैकी अकराजणींनी पुढे खरोखरच साड्या घेतल्या, ही गोष्ट वेगळी. गैरसमजातून झालेली ओळखही ताई वाया जाऊ देत नाहीत.

अशा ताई आता गावोगाव आहेत. सांगलीत आहेत, जळगावात आहेत. डोंबिवलीत तर एका इमारतीत दोन असतात आणि लिफ्टमध्ये एकमेकींशी बोलत नाहीत. आमच्या ताई पुण्याच्या, धायरीच्या. वय चाळिशी ओलांडलेलं, आवाज खणखणीत, डोक्यात गिऱ्हाइकांची आडनावं पिनकोडासकट. फ्लॅटमधली मुलाची खोली त्यांनी दुकानासाठी घेतली. मुलगा हॉलमध्ये अभ्यास करून दहावी पास झाला. त्याच्या टेबलावर आता रिंग लाइट उभा आहे आणि भिंतीवरच्या क्रिकेटपटूवर पडदा टाकून त्यापुढे एक बिनहाताची पुतळी ठेवली आहे. पुतळीला घरात ‘मावशी’ म्हणतात. “मावशीला आज इरकल नेसव,” असं ताईंनी सांगितलं की इंजिनिअरिंगला असलेलं ते पोर निमूटपणे निऱ्या घालायला बसतं. ही कला त्याच्या बायोडेटात नाही, पण लग्नाच्या वेळी तिचं वजन पडेल, असं त्याच्या आजीचं मत आहे.

ताई पूर्वी बालवाडीच्या बाई होत्या. खासगी शाळा, कंत्राटी नोकरी, पगार हातात पडेपर्यंत महिन्याची वीस तारीख. मार्च २०२० मध्ये देश घरात बसला, शाळा मोबाइलमध्ये शिरली, आणि चार-चार वर्षांची पोरं स्क्रीनवर सांभाळताना ताईंना एक शोध लागला. पोरं दोन मिनिटांत पळून जातात. त्यांच्या मागे बसलेल्या आया मात्र हलत नाहीत. त्या बाईंच्या साडीकडे बघत असतात. एके दिवशी फळांची नावं चालू असताना एका आईनं चॅटमध्ये विचारलं, “बाई, ही साडी कुठली?” ताई ‘पेरू’ म्हणता म्हणता थांबल्या. त्यांची शिक्षकी तिथंच संपली.

खरं तर त्यांच्या दुकानाचं सामान चार वर्षं आधीपासूनच येऊन पडत होतं. एप्रिल २०१६ मध्ये फेसबुकनं लाइव्हची सोय सगळ्यांना खुली केली. त्याच महिन्यात यूपीआयचा प्रारंभ झाला. सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा पुरवून पुरवून वापरायची बायकांची सवय मोडली. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं छोट्या व्यापाऱ्यांसाठी वेगळं अ‍ॅप काढलं, पुढच्या वर्षी त्यात कॅटलॉगची सोय झाली. जागा, गल्ला, रस्ता, मांडणी सगळं तयार. आणि मालकीणबाई भोंडल्याचे फोटो ग्रुपवर टाकण्यात दंग. लॉकडाऊननं फक्त मुहूर्त काढून दिला.

शिक्षकी संपली तरी अंगातून गेली नाही. ताई लाइव्हला हजेरी घेतात. “कल्याणच्या ताई आल्या. बार्शीच्या वहिनी आल्या. नांदेडच्या काकू, दोन दिवस कुठं होता?” नांदेडच्या काकू कमेंटमध्ये रीतसर कारण लिहितात : सुनेचं डोहाळजेवण होतं. “मग हिरव्यातलं काहीतरी लागलं असेल की! मला सांगायचं नाही का?” असा वर दम मिळतो. नुसतं बघणाऱ्यांसाठी “मागच्या बाकावर कोण झोपलंय?” हा प्रश्न राखीव आहे. समोर लिहिलेली किंमत कुणी पुन्हा विचारलीच तर ताई बालवाडीच्या सुरात सांगतात, “अठ-रा-शे पन्-नास. सगळ्यांनी लिहा बरं.” आणि खरोखरच खाली पन्नासेक बायका ‘१८५०’ लिहितात. नव्यानं डोकावणाऱ्या बाईला वाटतं, बापरे, केवढी मागणी! तीही घाबरून लिहिते.

समोरच्या कॅमेऱ्यानं सुरुवातीला घोटाळा केला होता. चित्र उलटं दिसायचं, त्यामुळे ताईंचा पदर उजव्या खांद्यावर. एकीनं विचारलं, “ताई, तुम्ही गुजराती का?” ताईंनी खुलासा करत बसण्याऐवजी “केम छो बेन” केलं आणि वापीला दोन बांधण्या पाठवल्या. ‘सेल’ची पाटीही उलटी दिसते हे कळल्यावर मुलानं ती मुद्दाम उलटी लिहून दिली, मग त्यानंच कॅमेऱ्याची सेटिंग सुलटी केली, आणि पाटी पुन्हा उलटी झाली.

पण या धंद्यात सगळ्यांत मोठं स्थित्यंतर झालं ते ताईंच्या यजमानांचं. हे गृहस्थ एका सहकारी बँकेत वसुली अधिकारी आहेत. थकबाकीदार त्यांना बघून रस्ता बदलतात. एका सुट्टीच्या दिवशी लाइव्ह चालू असताना ते बनियनवर, चहाचा कप घेऊन, कॅमेऱ्यासमोरून चुकून गेले आणि शे-दोनशे बायकांनी एकमुखानं ‘दाजी!’ केलं. त्या दिवशीचा रीच आजवर मोडलेला नाही. तेव्हापासून आठवड्यातून एकदा दाजी ‘चुकून’ जातात. बनियनची जागा आता कुर्त्यानं घेतली आहे आणि कुर्ता कुठे मिळेल हे ताई सांगतात.

पडद्यामागचे दाजी याहून महत्त्वाचे. साडीची घडी, तिच्यावर प्लास्टिक, आत पुठ्ठा, वर पत्ता, आणि सकाळी बँकेच्या वाटेवर स्पीड पोस्ट, हा त्यांचा नित्यनेम. पेमेंटचा खोटा स्क्रीनशॉट त्यांच्या नजरेतून सुटत नाही. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय पार्सल उंबरा ओलांडत नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं क्रेडिट कार्डाच्या वसुलीच्या एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस निळ्या टिका बघून पोचली असं मानलं होतं. दाजींनी हा दाखला बँकेतून उचलून थेट साड्यांना लावला. बुकिंग करून गप्प बसलेल्या बाईला ते लिहितात, “ताई, निळी टिक दिसत आहे. मागणी कायम आहे असे समजावे काय?” अर्ध्या तासात पैसे येतात.

रात्रीच्या मेसेजना उत्तरंही दाजीच देतात, अर्थात ताई म्हणून. हिंगोलीची एक बाई अकरा वाजता लिहिते, “ताई, तुमच्याशी बोललं की मन हलकं होतं.” हे मन हलकं करणारे दाजी असतात. वसुलीच्या खात्यात एवढी वर्षं घालवलेल्या माणसाला असं कुणी पहिल्यांदाच म्हटलेलं असतं. ते चष्मा पुसतात आणि उत्तर टाइप करतात : “काळजी घ्या हो. शिपिंग फ्री केले आहे.”

माल बहुतेक सुरतेहून येतो. तिथला व्यापारीही ताईंसारखाच, फोनमध्ये राहणारा. तो रोज सकाळी शे-दीडशे फोटो पाठवतो आणि तेच फोटो महाराष्ट्रातल्या यच्चयावत ताईंना जातात. त्यामुळे एकच साडी त्याच दुपारी धायरीत अठराशे पन्नास, डोंबिवलीत सतराशे नव्वद आणि लातुरात ‘प्राइस इनबॉक्स’ असते. मात्र सुरतकर सुटी साडी देत नाही, आठ रंगांचा सेट घ्यावा लागतो. सात रंग जातात. आठवा, बहुधा पोपटी, राहतो. ताईंच्या दोन्ही नणंदा, एक जाऊ आणि खुद्द ताई सणासमारंभाला पोपटीत का असतात, याचं उत्तर सुरतेच्या त्या सेटमध्ये आहे. सासूबाईंना पोपटी आवडत नाही असं त्यांनी एकदाच सांगितलं. पुढचा शिल्लक रंग राणी निघाला.

येवल्याची खरी हातमागाची पैठणीही ताईंकडे असते, पण कपाटात. ती दाखवण्यापूर्वी त्या हात धुतात, आवाज खाली आणतात आणि सेमी पैठणी यंत्रमागावरची असते हे कसलाही आडपडदा न ठेवता सांगतात. बाकी वेळी त्यांचं सांगणं एवढंच, “लाइटमुळे रंगात थोडा फरक दिसेल.” हा फरक एकदा मोरपंखी आणि जांभळा यांच्याइतका निघाला. गिऱ्हाईक वकीलबाई होत्या. ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज’ या ताईंच्या पाटीला त्यांनी २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम दाखवले : माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला, तर परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. ताईंनी साडी परत घेतली, पाटी बदलली, आणि वकीलबाईंना दुसरी साडी विकली. आता पाटीवर आहे : ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ असेल तरच तक्रार ऐकली जाईल.’ परिणामी महाराष्ट्रभर बायका कात्री घेऊन, नवऱ्याच्या हातात फोन देऊन पार्सलं फोडतात. त्यातले बरे निघालेले व्हिडिओ ताई पेजवर टाकतात. तक्रारीच्या पुराव्याची जाहिरात झाली.

लक्ष्मी रोडवरचा जुना दुकानदार गादीवर बसून गिऱ्हाइकाचा हात बघायचा. बाईनं पदराचं कापड दोन बोटांत धरून चोळलं की तो पोऱ्याला चहा सांगायचा. ताईंना हात दिसत नाही, डोळे दिसत नाहीत, दिसतात त्या कमेंटा. पण त्यांचं शास्त्र त्यावरही तयार आहे. “‘अप्रतिम’, ‘नाइस कलेक्शन’ लिहिणारी कधीच घेत नाही. हार्ट सोडणारी तर नाहीच नाही. ‘धुतल्यावर कशी राहील?’ विचारणारी पुढच्या महिन्यात घेते. ‘फॉल-पिको करून मिळेल का?’ म्हटलं की साडी गेली समजा. आणि जी एक अक्षर लिहीत नाही, नुसता स्क्रीनशॉट टाकून खाली पत्ता पाठवते, ती खरी लक्ष्मी.” या फॉल-पिकोवर गल्लीतल्या दोघीजणींचं घर चालतं, हेही त्या अभिमानानं सांगतात.

ताईंचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरातलं नव्हे. संक्रांत म्हणजे काळा. वर्षभर अंगाला न लागणारा काळा रंग त्या पंधरा दिवसांत कपाट रिकामं करून जातो. मग वटपौर्णिमा, मग गौरी, त्यांना जोडीनं साड्या लागतात. मग नवरात्र. नवरात्राचे नऊ रंग कुठल्या पोथीत नाहीत. एका मराठी दैनिकाच्या उपक्रमातून ती टूम घरोघर गेली. ताईंच्या घरात त्या दैनिकाच्या संपादकांविषयी कुळाचार सांगणाऱ्या गुरुजींइतकाच आदर आहे. राखाडी रंग आला त्या वर्षी तर ताईंनी मनातल्या मनात त्यांना आहेरही केला, कारण राखाडी साडी एरवी कोण घेतं? अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका गणपतीसाठी एकसारख्या बारा साड्या मागवतात. तिथला दिवस तो इथली रात्र, त्यामुळे ताई पहाटे तीन वाजता अंगावर शाल घेऊन व्हिडिओ कॉलवर पदर पसरून दाखवत असतात. दुकानाला शटर असतं. ओढलं की दुकान बंद. ताईंना शटर नाही.

याची झळ आसपासच्यांनाही लागते. ताईंच्या स्टेटसची गोल रेघ दिवाळीत इतकी तुटते की रांगोळीचे ठिपके मांडल्यासारखी दिसते. स्टेटस कुणी बघितलं याची यादी त्या रोज वाचतात. दूध आणायला गेलेल्या माणसाला त्या गाठतात आणि म्हणतात, “भाऊ, रोज बघता हो तुम्ही माझं स्टेटस. वहिनींना कधी दाखवता?” माणूस दूध विसरून परततो. सोसायटीच्या ग्रुपवर ‘कृपया जाहिराती टाकू नयेत’ अशी चेअरमनची सक्त ताकीद आहे. चेअरमनच्या पत्नीचं बिल सर्वांत मोठं आहे, ही माहिती ताईंनी आजवर फोडलेली नाही आणि ताकीद अमलातही आलेली नाही. एकदा ताई कुणाच्या दहाव्याला गेल्या होत्या. डोळे पुसणाऱ्या एका बाईनं त्यांचा हात धरला, हुंदका दिला आणि हळूच विचारलं, “ताई, तुम्ही त्याच ना? ऑफव्हाइटमध्ये काही आलंय का?”

ताईंचा आजार एकच : रीच. “रीच पडलाय” असं त्या ज्या स्वरात सांगतात त्या स्वरात पूर्वी लोक बीपी सांगत. रीच का पडतो हे ठाऊक नसल्यामुळे त्यावर उपाय पुष्कळ आहेत. कुणी सांगितलं सलग एकवीस दिवस लाइव्ह करा. ताईंनी व्रत घेतल्याप्रमाणे केलं आणि शेवटच्या दिवशी उद्यापन म्हणून एक साडी फुकट वाटली. कुणी म्हणालं रील्स करा. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले, हा इतिहास ताईंना मुलाकडून कळला. तेव्हापासून जिन्यात त्या गर्रकन वळतात आणि वळताना साडी बदललेली असते. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा यामुळे एकदा दचकून परत घरात गेले. सासूबाईंचं निदान मात्र साधं होतं, दृष्ट. ट्रायपॉडला लिंबू-मिरची बांधलेली आहे.

लक्ष्मी रोडवरचे एक शेठ पहिल्या वर्षी ताईंना हसले होते. “बाई, साडी ही हाताला लागली पाहिजे. फोनवर काय, फरसाण विकायचंय?” आता शेठ त्याच गादीवर रिंग लाइट लावून बसतात. शेजारी दोन सेल्समन पदर धरून उभे. “हॅलो ताईंनो,” म्हणताना शेठना घाम फुटतो, कारण तीन पिढ्यांत त्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी नमस्कार करायची पद्धत नव्हती. आवाज येत नाही अशी कमेंट आली की ते फोनच्या जवळ जाऊन ओरडतात. शेवटी त्यांनी ताईंना फोन करून विचारलं, “पगारी याल का? रोज दोन तास.” ताईंनी नम्रपणे नकार दिला आणि शेठना शिकवायला दोन तासांचा क्लास मात्र सुरू केला. फी आगाऊ, गूगल पेवर.

आणि मग एका श्रावणात, ऐन सीझनच्या तोंडावर, ताईंचं पेज बंद पडलं. कारण इंग्रजीत होतं आणि इंग्रजीतही कळत नव्हतं. मावशीला साडी नेसवताना मागे वाजलेलं सिनेमाचं गाणं नडलं, अशी मुलाची शंका. सदतीस हजार फॉलोअर्स एका दुपारी नाहीसे झाले. जुन्या बाजारात निदान पागडीची पावती तरी असते, मालकाच्या दारात जाऊन बसता तरी येतं. इथं मालकाचा पत्ता कुणाला माहीत? दाजींनी वसुली खात्याच्या भाषेत तीन अर्ज लिहिले. तिन्हींना आलेली उत्तरं एकाच यंत्रानं दिली होती.

ताई मात्र रडत बसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून हजेरीची वही काढली. बालवाडीतून निघताना शिल्लक राहिलेली ती लांबट वही. तीत पहिल्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, पिनकोड आणि आवडता रंग. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त २५६ नंबर बसतात आणि निरोप फक्त तिलाच पोचतो जिनं आपला नंबर सेव्ह केलेला आहे. दाजींनी थकबाकीच्या याद्यांच्या शिस्तीत याद्यांमागून याद्या केल्या. सगळ्यांना पाठवलं, पोचलं अकराशेजणींना. त्या अकराशेजणींनी गौरीचा सगळा माल उचलला, पोपटीसकट.

“सदतीस हजार बघतात म्हणून मी फुगले होते,” ताई नंतर म्हणाल्या. “घर चाललं अकराशेंवर. त्या मला बघत नव्हत्या, त्यांनी मला ठेवून घेतलं होतं.”

पेज पुढे आपोआप परत आलं, पण ताईंनी दिशा बदलली. आता लाइव्हमध्ये त्या लाइक मागत नाहीत. “आधी नंबर सेव्ह करा, मग पदर दाखवते,” असं बजावतात. नंबर कुठल्या नावानं सेव्ह करायचा हा ज्या-त्या बाईचा प्रश्न. तो नाजूक आहे हे ताईंना एका नवऱ्याच्या फोनवरून कळलं. त्यानं बायकोच्या मोबाइलवरचा मिस्ड कॉल बघून उलट फोन लावला होता. “हॅलो, स्कूलबस का?” ताई क्षणभरही थबकल्या नाहीत. “हो सर. उद्या दहा मिनिटं उशिरा येईल.” त्या दिवसापासून वहीत चौथा रकाना आला : ‘आपण तिथं कोण’. कुठं त्या स्कूलबस आहेत, कुठं दातांचे डॉक्टर, कुठं भिशी. सोलापुरात एके ठिकाणी त्या ‘महावितरण’ आहेत आणि तिथला नवरा हा फोन चुकूनही उचलत नाही.

परवा घरी हिचा फोन वाजला. ही फोडणीपाशी होती, म्हणून मी उचलला. स्क्रीनवर ‘गॅस एजन्सी’. पलीकडून एक खणखणीत, ओळखीचा आवाज अत्यंत अदबीनं म्हणाला, “नमस्कार, वहिनींना निरोप द्याल का? त्यांनी सांगितलेला सिलिंडर आलाय.” आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. तरी मी स्वयंपाकघरात जाऊन निरोप जसाच्या तसा सांगितला.

“हो का?” ही कढईतून नजर न काढता म्हणाली, “काठ केवढाय म्हणाल्या?”